पडदा काळा, आवाज चालू

ये गं माय, बस अशी जवळ. कानातलं ते आधी काढ. पुण्याला गेल्यापासून तुझं हे असंच झालंय. मी बोलायले की तू "हं आजी, हं आजी" करतीस, आणि त्या हं-मध्ये तू नसतीसच. मागच्या आठवड्यात मी मुद्दाम म्हटलं, "आपली शेळी लिंबावर चढून पेपर वाचायलीय," तरी तुझं आपलं "हं आजी". असं करू नये बाई. म्हातारं माणूस बोलतंय म्हणजे त्याला काहीतरी सांगायचं असतंय. म्हणून आज फोन नको. लिहूनच काढते. कागदाला हं म्हणता येत नाही.

गोष्ट आपल्या कॉम्प्युटरची आहे. त्याचा पडदा काळा व्हायचा, ती. तुला वाटत असंल, ही तर मला माहीत आहे. तुला निम्मीच माहीत आहे. तू पुण्यात बसून जे ऐकलंस ते तुझं. इथं ताडकळसला, ह्या मधल्या खोलीत, काय चाललं होतं ते मी कुणाला बोलले नव्हते. बोलण्यासारखं नव्हतंच ते. मी जळत होते. तुझ्या परभणीच्या आजीवर, म्हणजे माझ्या विहीणबाईंवर, जळत होते.

तुमी पुण्याला गेलात तवा तुझ्या बापानं स्वतःला लॅपटॉप घेतला आणि हा जुना जड डबा माझ्या घरी ठेवून गेला. मी म्हटलं, मी काय करू ह्याचं? शाळेचं तोंड मी बघितलेलं नाही. अक्षरं शिकले ती एसटीच्या पाट्या वाचून. पूर्णा, परभणी, नांदेड, एवढी तीन गावं आधी वाचायला आली, मग हळूहळू बाकीचं. पण उन्हाळ्यात तू आलीस आणि माझ्या हातावर हात ठेवून तो उंदीर कसा हलवायचा ते शिकवलंस. मला तो ठोकळ्यांचा गेम दाखवलास. ठोकळ्यांचे डोंगर, ठोकळ्यांची झाडं, आणि त्यात, आई गं, मेंढ्या! चौकोनी तोंडाच्या मेंढ्या. मी हसून हसून बेजार झाले. एक तर गुलाबी निघाली. मी म्हटलं, गुलाबी मेंढी असते का कुठं? तू म्हणालीस, "आजी, गेममध्ये असते." आणि मग तू मला म्हणालीस, "आजी, ह्या गेममधल्या आपल्या गावातल्या मेंढ्या तू सांभाळायच्या. मला नाही जमत, तुलाच जमतंय."

हे वाक्य मी जपून ठेवलं होतं. आपला खरा कळप तुझ्या आजोबांनी गुडघे धरल्यावर विकला. चाळीस वर्षं मेंढ्यांमागं फिरलेली बाई मी, दोन शेळ्यांवर आले होते. आणि आता माझी नात पुण्यातून मला मेंढ्या सांभाळायला सांगायलीय. दर रविवारी सकाळी, आणि एरवी तुझी शाळा सुटल्यावर, आपण दोघी त्या गावात भेटायचो. तू घरं बांधायचीस, मी कुंपण घालायची. आपण माईकवर बोलायचो; तू सांगायचीस, "आजी, ती पांढरी पळाली बघ," आणि मी तिला गव्हाची ओंबी दाखवून परत आणायची. खऱ्या मेंढीला जशी आणतात तशीच. लय भारी दिवस होते ते.

मग श्रावण संपता संपता तू एक दिवस म्हणालीस, "आजी, परभणीची आजीपण येणार आपल्या गावात खेळायला!"

मी म्हटलं, "येऊ दे की." तोंडानं म्हटलं.

तुझ्या परभणीच्या आजीनं ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करून पेन्शन घेतलेली. टाइप करताना बोटांकडं बघत पण नाही. आली आणि पंधरा दिवसांत तिनं त्या गावात दुमजली घर बांधलं. घराला गॅलरी. गॅलरीत दिवे. तू तर ओरडायलाच लागलीस, "आजी, कसलं भारी! मला शिकव ना!" आणि मी तिकडं खाली, माझ्या कुंपणात, मेंढ्यांच्या मधोमध उभी. माझ्याकडं कोण बघतंय?

एकदा तू आपल्या तिघींचा व्हिडिओ कॉल लावलास, त्यात तिची खोली दिसली. काचेचं टेबल, चाकाची खुर्ची, कॉम्प्युटरवर धूळ म्हणून नाही. माझा कॉम्प्युटर लोखंडी पेटीवर, खाली प्लास्टिकचं पोतं. मला इतकं लागलं ते! मी त्याच दिवशी पेटी उघडली आणि तळातून घोंगडी काढली.

ती काळी घोंगडी तुला माहीत आहे. आपल्याच मेंढ्यांच्या लोकरीची, माझ्या सासूनं सूत काढलेली. आपल्यात पाहुण्याला मान द्यायचा म्हणजे घोंगडी अंथरायची. तुझ्या आईबापाची सोयरीक ठरली तवा तुझे परभणीचे आजोबा ह्याच घोंगडीवर बसले होते. मी म्हटलं, तुमचं टेबल काचेचं ना, मग माझा डबा घोंगडीवर बसणार. चार घड्या करून त्याच्या खाली घातली. आणि शेजारी सोयाबीन काढायची मशीन चालू होती, घरभर भुसा, म्हणून उरलेली दोन्ही बाजूंनी वर ओढून पाठीमागून लपेटली. पुढचा निळा दिवा तेवढा उघडा. कसा दिसायला माहीत आहे? गारठ्यात बसलेल्या म्हाताऱ्यावाणी. मी त्याच्याकडं बघून खूश.

त्यानंतर आठच दिवसांनी पडदा काळा झाला.

आपण तिघी खेळत होतो. डबा आतून सूं सूं करायला लागला, पंखा असा ओरडायला लागला की जणू गिरणीच. आणि एकदम, फट्, अंधार. समोर काही नाही. मेंढ्या नाहीत, गाव नाही. माझं तोंड दिसायलंय काळ्या काचेत. पण आवाज मात्र चालू! तुझा आवाज, तिचा आवाज, स्वच्छ.

तू म्हणालीस, "आजी, ती आजी बघ ना, परत एका जागेवर उभी राहिली."

ती म्हणाली, "येतील गं. तू ती पायरी लाव बरं."

"आजीच्या अंगावर मेंढी चढायलीय!" आणि तुमी दोघी खो खो हसलात.

मला ओरडून सांगता आलं असतं, की बाई, माझा पडदा गेलाय. पण कसं सांगू? तिच्या कॉम्प्युटरचा कधी पडदा गेला नाही. मी गुपचूप उठले, बाहेर ओट्यावर आले आणि तुला फोन लावला, "लाईट गेली गं."

"अय्या, परत?"

"इथं असंच असतंय माय."

ही माझी पहिली लबाडी. आणि मग ती रोजचीच झाली. भजनं लावा, बातम्या लावा, कॉम्प्युटर गरीब गाईवाणी चालायचा. गेम लावला की पाव तासात काळा. मग बटण दाबून धरायचं, बंद करायचा, थोडा वेळ थांबायचं, परत लावायचा, परत पाव तास. तोवर तुमच्या दोघींचा एक बंगला उभा झालेला असायचा. मी आले की तू म्हणायचीस, "आजी, तू नव्हतीस तर आम्ही विहीरपण बांधली." आम्ही. आधी त्या 'आम्ही'त मी होते.

आणि मग तू ते बोललीस. तुला आठवतंय का नाही, देव जाणे. म्हणालीस, "आजी, दिवाळीची सुट्टी आठच दिवस आहे. आई म्हणाली, ह्या वेळेस एकाच आजीकडं राहायचं, इकडून तिकडं पळापळ नको. मग मी परभणीलाच राहते ना, गेम तिथं चालतो. तुझ्याकडं तर लाईटच नसते."

माझीच लबाडी माझ्या पुढ्यात येऊन बसली होती.

त्या दिवसापासून मी हात धुऊन त्या डब्याच्या मागं लागले. पडद्याची वायर काढून घातली, फुंकर मारून घातली. दुसऱ्या बटणावर लावून बघितलं. फ्रिजचा स्टॅबिलायझर काढून त्याला लावला, तर फ्रिज बंद आणि दूध नासलं. तुझे आजोबा दारात बसून सगळं बघायलेत आणि टोमणे मारायलेत.

"मेंढीला काय झालं तर पोट दाबून सांगायचीस. ह्याचं पोट दाब की."

"तुमी गप बसा ओ."

"मी गपच हाय. चहा मागितला का मी? सकाळपासून न्हाई मागितला. तू त्याच्यासंगच संसार करायलीस, मी काय मागू?"

शेवटी म्हटलं, दुरुस्तीवाल्याला दाखवावा. परभणीला नेला असता, पण परभणीत विहीणबाईंच्या कुणीतरी ओळखीच्यानं बघितलं तर? म्हणून पूर्णेला नेला. घोंगडी घरी काढून ठेवली आणि डबा एसटीत मांडीवर धरून बसले. शेजारची बाई विचारायली, "काय हो, देव नेताव का?" मी म्हटलं, "देवच हाय, पण कोपलेला."

त्या दुकानवाल्यानं उघड्या टेबलावर ठेवला, शेजारी त्याचा कूलर भणाणत होता. गेम लावला. पाव तास झाला, अर्धा झाला, तासभर झाला. पडदा लख्ख. तो माझ्याकडं असा बघायला की मी येडी. म्हणाला, "मावशी, ह्याला काही झालेलं नाही. तुमच्या घरच्या लाईटीचा प्रॉब्लेम असंल."

घरी आणला, परत घोंगडीवर बसवला, गेम लावला. पाव तासात काळा.

आता तूच सांग, माणसाच्या मनात काय येईल? परक्या गावात नीट चालतोय आणि माझ्या घरात आला की डोळे मिटतोय. मी ठरवून टाकलं, ही नजर आहे. आणि नजर कुणाची? विहीणबाईंची! व्हिडिओवर माझ्या कॉम्प्युटरकडं बघून तिनं म्हटलं होतं, "अरे वा, छान आहे की." छान म्हटलं की नजर लागणारच. मी मीठ-मिरची घेतली, डब्यावरून सात वेळा उतरवली आणि चुलीत टाकली. असा ठसका उठला की तुझे आजोबा खोकत खोकत रस्त्यावर गेले. तिथून ओरडले, "आगं, कॉम्प्युटरची काढायलीस का माझी?"

तरी काळा तो काळाच.

आणि मग तो मंगळवार. तुझी शिकवणी होती, तू "बाय" म्हणून निघून गेलीस. पण गेम चालू होता, विहीणबाई तिकडं एकटीच काहीतरी बांधत होती. माझा पडदा काळा झालेला. तुला फोनवर लाईट गेली म्हणून सांगून झालेलं. मी परत येऊन त्या काळ्या काचेपुढं बसले आणि मला राहवलंच नाही. मी काचेतल्या माझ्या तोंडाकडं बघून बोलले, "घे बाई, घे. तुझं घर दुमजली, तुझं टेबल काचेचं. लेक दिलीस म्हणून नातबी परत नेतीस का काय? माझ्याकडं काय ठेवतीस मग?" आणखी बरंच बोलले. ते लिहीत नाही. लिहायची लाज वाटायलीय.

दोन दिवसांनी दुपारी एसटी फाट्यावर थांबली आणि विहीणबाई उतरल्या. न सांगता. हातात पिशवी. मी ओट्यावर शेंगा फोडत होते, माझ्या हातातलं सूप पडलं.

"या की विहीणबाई. असं अचानक? काही बरंवाईट?"

"काही नाही हो. सहज आले."

मी नेहमीप्रमाणं लाल प्लास्टिकची खुर्ची पुढं केली, पाणी दिलं, चहा टाकला. चहा पिता पिता त्या हळूच म्हणाल्या, "विहीणबाई, एक विचारू का? मंगळवारी तुमी लाईट गेली म्हणून सांगितलंत."

"हो. गेली होती की. तासभर नव्हती."

"मग शेजारची पिठाची गिरणी कशावर चालू होती?"

खरंच, आपल्या भिंतीला लागून गिरणी. तिचा आवाज मला आता ऐकूच येत नाही, इतकी सवय झालीय.

त्या म्हणाल्या, "पडदा जातो ना? आवाज राहतो, चित्र जातं? मला तुमच्या माईकमधून सगळं ऐकू येत होतं. गिरणी. आणि गिरणीच्या वर तुमी."

माझे कान गरम झाले. "काय... काय ऐकलं तुमी?"

"जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "कॉम्प्युटर दाखवा."

आजपर्यंत त्यांनी मला ते सांगितलेलं नाही, आणि तुलाही नाही. हे मात्र मला लय लागलं बरं का. मी अशी जिभेची, आणि ती बाई अशी झाकणारी. त्यातही माझ्यापुढं गेलीच ना!

मधल्या खोलीत आल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या. डबा घोंगडीत लपेटून बसलेला. त्यांनी मला गेम लावायला सांगितला, आणि पाव तासात पडदा काळा झाल्यावर जवळ जाऊन डब्याच्या पाठीवर हात ठेवला आणि चटकन काढून घेतला. "अहो, ह्याला तर ताप आलाय!"

मी हात लावला. भाजला. बघ बाई, मेंढी नुसती मान खाली घालून उभी राहिली तरी मी आधी तिचा कान हातात धरायची, गरम आहे का गार ते बघायची. चाळीस वर्षं धरला. आणि ह्या डब्याच्या वायरी बघितल्या, बटणं बघितली, दृष्ट काढली, पण अंगाला हात म्हणून लावला नाही.

त्यांनी पिशवीतून पेचकस काढला आणि एक रंगाचा जुना ब्रश. डबा बंद करून घोंगडीतून उचलून उघड्या फरशीवर ठेवला, बाजूची पत्र्याची फळी काढली. आत पंख्याला लोकर गुंडाळलेली! काळी, दाट, चिमणीनं घरटं करावं तशी. खालच्या जाळीतून घोंगडीचे तंतू आत ओढले जात होते. गेम चालू झाला की ह्याला जोर लागतो, तापतो, आणि वारा घ्यायला जागाच नाही. मग तो बिचारा जीव वाचवायला पडदा टाकून बसायचा. त्या मला समजावून सांगायल्या आणि मी ऐकायले. त्या ब्रशनं लोकर काढून माझ्या ओंजळीत ठेवायल्या. आपल्या मेंढीची लोकर ती. मी हातावरच ओळखली.

"ह्याला घोंगडीवर कशाला बसवलंत?" त्यांनी विचारलं.

मी काय सांगू, तुमच्या काचेच्या टेबलावर जळून? मी म्हटलं, "मानाचं असतंय हो आमच्यात."

त्या फळीचे स्क्रू आवळत राहिल्या. मग मान वर न करता म्हणाल्या, "आमचे हे बसले होते ह्या घोंगडीवर, बोलाचालीला. मला तुमी बारा वर्षं झाली, प्लास्टिकची खुर्चीच देता."

आई गं. मला वाटलं, आता पडदा माझाच काळा होतोय.

खरं होतं ते. सोयरिकीच्या दिवशी घोंगडी पुरुषांसाठी, बायका आत. त्यानंतर दहादा आली असंल ती बाई. दर वेळेस मी लाल खुर्ची. आणि मान दिला कुणाला, तर एका लोखंडाच्या डब्याला, तोही तिच्यावर कुरघोडी करायला. मी घोंगडी उचलली, अंगणात नेऊन झटकली, आणून खोलीत पसरली. म्हटलं, "बसा." त्या बसल्या. मी पण बसले. लोकर टोचते ना, त्या जरा हलल्या. मग म्हणाल्या, "टोचते हो." मी म्हटलं, "मान टोचतोच." तेवढंच.

डबा लोखंडी पेटीवर ठेवला, उघडाच, दोन विटांवर, म्हणजे खालून वारा जाईल. तुला गेममध्ये बोलावलं. तू आलीस. आपण तिघी खेळलो, म्हणजे त्या दिवशी मी आणि त्या एकाच पडद्यापुढं. मी मेंढ्या हाकायले, त्या मला बटणं सांगायल्या. पाव तास गेला, अर्धा गेला. मी घड्याळ बघायले. तास झाला. पडदा लख्ख. मेंढ्या चरायल्यात, गुलाबी सुद्धा. आणि माझ्या मनात एकच: आता तुला परभणीलाच राहायला कारण नाही. आता तू दोन्हीकडं येशील. निदान चार दिवस माझे.

मी तुला सांगितलं, "माय, आता लाईटीचा प्रॉब्लेम मिटला बरं का. कायमचा."

तुझं उत्तर तुला आठवतंय? तू टाळी वाजवलीस. "वा आजी! मग आता काय, रोजच खेळू आपण! मग दिवाळीत यायचीपण गरज नाही. इथं सोसायटीत कार्यक्रम आहे, मला डान्समध्ये घेतलंय. आई विचारतच होती, जायचं का राहायचं. मी सांगते, राहू या."

आणि लगेच, "आजी, ती मेंढी बघ, पळाली!"

मी मेंढीकडं बघितलं नाही. विहीणबाईंकडं बघितलं. त्या माझ्याकडं. पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर मला ते दिसलं, जे मी महिनाभर काळ्या काचेत माझ्या तोंडावर बघत होते. त्यांनी पण तुझ्यासाठी पलंगावर नवी चादर घालून ठेवली होती, हे मला नंतर कळलं.

त्यांनी हळूच माईकचं बटण बंद केलं. शिकल्या आहेत ना, आधी बटण बंद करतात, मग बोलतात. म्हणाल्या, "विहीणबाई, ह्याला परत घोंगडीवर बसवायचं का?"

मी हसायला लागले आणि मग त्या हसायला लागल्या, आणि दोघींच्या डोळ्यांत पाणी. तुझे आजोबा दारातून म्हणाले, "दोघींनाबी दृष्ट लागली वाटतं." तुला पडद्यावर काय दिसलं? माझी बाहुली एका जागी उभी, आणि तू विचारायलीस, "आजी? आजी? लाईट गेली का?"

दिवाळी झाली. तुझ्या नाचाचा व्हिडिओ आम्ही बघितला, परभणीला, काचेच्या टेबलावर. हिरवा परकर छान दिसला. टाळ्या वाजवणाऱ्या त्या सगळ्या बायकांवर आम्ही दोघी जळलो, जोडीनं. जोडीनं जळायला जरा बरं वाटतं, एवढं खरं. विहीणबाई आता महिन्यातून एकदा येतात, घोंगडीवर बसतात, टोचते म्हणतात आणि तरी बसतात. तू त्यांना जास्त वेळ फोन केलास की मला अजून कळतं, आणि अजून लागतं. ते काही ब्रशनं निघण्यासारखं नाही.

म्हणून म्हणते, उन्हाळ्याची वाट बघू नको माय. बापाला घेऊन एखादा शनिवार धरून ये. रेल्वे पूर्णेला थांबते, आम्ही दोघी उतरवून घ्यायला येतो. दुसरं तिसरं काही आणू नको. घोंगडी झटकून ठेवली आहे. एका बाजूला मी, एका बाजूला त्या, मधी तुझी जागा रिकामी आहे. डबा त्या दिवशी बंदच ठेवू. लवकर ये.